आर्डिसबाईंची बिनघोर खरेदी

मिनेसोटातल्या नॉर्डबी गावात जादा पैसे मोजणं हे दारू पिऊन चर्चमध्ये येण्याच्या खालोखाल वाईट समजलं जातं. पिऊन आलेल्याला निदान कॉफी पाजून शुद्धीवर आणता येतं. जादा पैसे मोजणाऱ्याचं काय करावं, हे पाद्रीबुवांनाही अजून सापडलेलं नाही. अशा गावात अठ्ठ्याहत्तर वर्षं शिळा पाव अर्ध्या किमतीत घेऊन अब्रूने जगलेल्या आर्डिसबाई टॉलिफसन यांनी रूथ मंडळाच्या बैठकीत कॉफीचा कप खाली ठेवला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "या रविवारी सिनेमा माझ्याकडे. मी तो विकत घेणार आहे. इंटरनेटवरून."

रूथ मंडळ म्हणजे चर्चच्या सहा बायका. उरलेल्या पाचजणींनीही आपापले कप खाली ठेवले.

"विकत," मार्लिसबाई ब्रेकी म्हणाल्या. "लायब्ररीत फुकट मिळतो तो."

"लायब्ररीतली डिस्क अडते."

"एकाच जागी तर अडते."

"त्याच जागी मी आहे," आर्डिसबाई म्हणाल्या.

इथे थोडं मागे जायला हवं. फार नाही, १९६१ पर्यंतच. त्या जानेवारीत सिनेमावाली मंडळी गावच्या गोठलेल्या तळ्यावर चित्रण करायला आली होती. बर्फावर मासे धरण्याच्या स्पर्धेचा प्रसंग होता आणि गर्दी म्हणून सगळा गाव उभा केला होता. पंधरा वर्षांच्या आर्डिसच्या हातात कॉफीची किटली दिली होती. नायक वळला, कप पुढे केला, आर्डिसने किटली उचलली, आणि मग तिचा पाय घसरून ती बर्फावर बसली. निदान तिला तरी तसंच आठवत होतं. पुढच्या वर्षी सिनेमा शहरात आठवडाभर लागला, पण तिकीट काढून जायला गावातून दोघीच तयार होत्या, आणि त्यातल्या आर्डिसला नेमकं गालगुंड झालं. मैत्रीण मार्लिस पाहून आली आणि तिने खिडकीबाहेरूनच सांगितलं, "तू नाहीस गं त्यात. कापलंय तुला."

तेव्हापासून साठ-बासष्ट वर्षं या विषयावर गावापाशी एकच पुरावा होता, तो म्हणजे मार्लिसचा शब्द. टीव्हीवर सिनेमा लागला की नेमकी त्याच ठिकाणी साबणाची जाहिरात यायची. लायब्ररीने डिस्क आणली, ती पहिल्यांदा मार्लिसबाईंनीच घरी नेली, तीन आठवडे ठेवली, आणि ती परत आली ती नेमक्या त्या जागी चरा घेऊन. नायक वळतो, कप पुढे करतो, आणि पुढच्या क्षणी कोरा सूट घालून स्वतःच्या लग्नात उभा असतो. आर्डिसबाईंच्या मनात तेव्हा शंका आली होती. पण नॉर्डबीत शंका बोलून दाखवत नाहीत. ती नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवतात.

त्यातून मार्लिसबाईंच्या तळघरात मोठा टीव्ही होता, त्यामुळे मंडळाचा सिनेमा कायम तिथेच व्हायचा, आणि कप विसळायचं काम कायम आर्डिसबाईंकडे असायचं. म्हणजे रविवारचा बेत फसला असता तर नुसता सिनेमा गेला नसता. "आर्डिसला कापलंय" यावर कायमचा शिक्का बसला असता, आणि वर ते कप होतेच.

बातमी पोस्टाच्या पेटीपर्यंत चाळीस मिनिटांत पोचली. शेजारचे ऑर्विल हाऊगेन तिथे उभेच होते. ऑर्विलना इंटरनेटची फार माहिती, कारण त्यांनी ते कधी वापरलेलं नव्हतं.

"सिनेमा विकत घेताय म्हणे."

"घेतेय."

"ठेवणार कुठे?"

"ठेवायचा कशाला?"

"विकत घेतलेली वस्तू ठेवावी लागते ना कुठेतरी. डिस्क कपाटात राहते. हा कुठे राहतो?"

"त्यांच्याकडेच राहतो. मला हवा तेव्हा ते दाखवतात."

ऑर्विलनी थोडा वेळ आभाळाकडे पाहिलं. "म्हणजे मी माझा ट्रॅक्टर तुम्हाला विकायचा, पैसे घ्यायचे, आणि ट्रॅक्टर माझ्याच शेडमध्ये ठेवायचा."

"तसंच काहीसं."

"वाईट धंदा नाही," ऑर्विल म्हणाले. नॉर्डबीत याहून मोठी स्तुती नाही.

गुरुवारी सकाळी आर्डिसबाई देवाचं नाव घेऊन संगणकापुढे बसल्या. संगणक त्यांच्या नवऱ्याचा, एल्डनचा. खातंही एल्डननेच उघडलं होतं, मासेमारीच्या स्पर्धा पाहण्यासाठी. एल्डन जाऊन चार वर्षं झाली होती, पण ती सिनेमाची कंपनी त्याला अजून दर नाताळात शुभेच्छा पाठवायची, आणि आर्डिसबाईंना ते बंद करणं बरं वाटलं नव्हतं.

सिनेमा मिळाला. तो घ्यायच्या तीन तऱ्हा होत्या. सगळ्यांत स्वस्त ती साधी योजना: दोन दिवस, फक्त मोबाइलवर, जाहिरातींसकट. मधली एक होती, तिच्याकडे कुणी पाहत नसावं. आणि वर होती बिनघोर योजना. सिनेमा कायमचा तुमच्या नावावर, मोठ्या टीव्हीवर, एकही जाहिरात नाही, हवा तिथे थांबवा, हवा तितका मागे न्या. त्यासाठी साध्याच्या सहापट पैसे. आर्डिसबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं, सहापट तर सहापट.

मग पडद्यावर प्रश्न आला: "बिनघोर योजना घेणार का?" खाली दोन चौकोन होते. एकावर "हो" आणि दुसऱ्यावर "नको, आभारी आहे".

आता नॉर्डबीतली रीत अशी, की कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "नको, नको, कशाला उगाच" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारल्यावर "बरं, एवढं म्हणताच आहात तर अर्धा" म्हणून अख्खा घ्यायचा. पहिल्याच फटक्यात "हो" म्हणणारा माणूस गावाच्या लक्षात राहतो. १९७४ साली एका विमा एजंटाने पहिल्याच शब्दाला पायचा, म्हणजे सारण भरून भाजलेल्या गोड पोळीचा, तुकडा उचलला होता. त्याचं नाव लोक विसरले, पण तो तुकडा रुबार्बच्या आंबट देठांच्या पायचा होता हे आजही सांगतात.

आर्डिसबाई चांगल्या घरात वाढलेल्या. त्यांनी "नको, आभारी आहे" दाबलं.

पडद्याने पुन्हा विचारलं, "नक्की नको? ही सोय आपल्यासाठीच आहे." यंत्राला वळण आहे हे पाहून आर्डिसबाईंना बरं वाटलं. त्यांनी दुसऱ्यांदा "नको" दाबलं आणि हात मांडीवर ठेवून तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहू लागल्या.

तिसरा प्रश्न आला नाही. "आभारी आहोत. आपली साधी योजना सुरू झाली आहे," असं आलं. तरी त्या दहा मिनिटं बसून राहिल्या. न जाणो, यंत्र आतून काही आणायला गेलं असेल.

अशा रीतीने त्यांच्याकडे मोबाइलवर चालणारा सिनेमा आला. त्यांचा मोबाइल उघडमिटीचा होता. त्यावर फार तर तारीख दिसायची.

शुक्रवारी त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पस्तीस मिनिटं संगीत ऐकल्यावर डेस्टिनी नावाची मुलगी बोलू लागली.

"खातं एल्डन टॉलिफसन यांच्या नावावर आहे. त्यांना देता का जरा फोन?"

"दिला असता गं. पण ते गेले, चार वर्षं झाली."

"अरेरे. वाईट वाटलं ऐकून. मग त्यांनी ठेवलेल्या गुप्त प्रश्नाचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. तीन संधी आहेत. प्रश्न असा आहे: तुमचा सगळ्यांत नावडता पदार्थ कोणता?"

आर्डिसबाई हसल्या. एकावन्न वर्षांचा संसार. या प्रश्नाला तीन संधी म्हणजे थट्टाच.

"बीट."

"चूक."

"चूक कसं? बरं, कलेजी."

"चूक."

"मग त्यांच्या बहिणीची जेली. ती गाजर घालते त्यात. कुणालाच आवडत नाही, लिहून घे तू."

"चूक आहे, मॅडम. आता चोवीस तासांनी फोन करा."

दुपारी ऑर्विल त्यांच्या अंगणातलं बर्फ उपसून कॉफीला आत आले. आर्डिसबाईंनी सगळी हकीकत सांगितली. ऑर्विल एरवी प्रत्येक गोष्टीत सल्ला देतात, पण आज ते खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर काही नव्हतं. होतं ते बर्फ त्यांनीच आत्ता बाजूला केलं होतं.

"ऑर्विल, तुम्हाला माहीत आहे."

"मला कशाला माहीत असेल?"

"बत्तीस हिवाळे तुम्ही दोघं तळ्यावरच्या त्या खोपटात बसत होतात. काय बोलत होतात?"

"काही नाही. मासे धरत होतो."

"बत्तीस वर्षांत एक शब्द नाही?"

"एकदा बोललो," ऑर्विल म्हणाले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "टूना हॉटडिश."

टूना हॉटडिश म्हणजे नूडल्स, डब्यातला मासा, डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या चिप्सचा चुरा, आणि सगळं ओव्हनमध्ये खरपूस. आर्डिसबाईंच्या घरी ते दर मंगळवारी असायचं. एकावन्न वर्षांतले सगळे मंगळवार.

"पण ते तीनदा वाढून घ्यायचे," आर्डिसबाई म्हणाल्या.

"तुम्ही तीनदा विचारायचात."

"म्हणजे?"

"पहिले दोन नको खरे होते, म्हणाला तो. तिसऱ्यांदा मात्र नाही म्हणायची त्याची हिंमत व्हायची नाही."

आर्डिसबाई उठल्या, चॉकलेटच्या वड्यांचं ताट घेऊन आल्या आणि ऑर्विलपुढे धरलं. "घेता एक?"

"नको, नको," ऑर्विल म्हणाले.

"बरं," असं म्हणून त्यांनी ताट आत नेऊन ठेवलं. ऑर्विल बराच वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते. मग टोपी घालून घरी गेले.

शनिवारी पुन्हा संगीत ऐकून झालं. या खेपेला रेमंड नावाचा माणूस आला. प्रश्न तोच होता.

"टूना हॉटडिश," आर्डिसबाई म्हणाल्या. आपल्याच स्वयंपाकघरात उभं राहून, आपल्याच ओव्हनच्या देखत.

"बरोबर," रेमंड म्हणाला, आणि या एका शब्दाने आर्डिसबाईंचा जितका अपमान झाला तितका मार्लिसने साठ वर्षांतही केला नव्हता. पण रेमंड भला होता. "मॅडम, तुमच्याकडून चुकून साधी योजना घेतली गेलेली दिसते. मी तुम्हाला निम्म्या दरात बिनघोर योजना करून देतो. चालेल?"

"अहो नको. तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"खरंच नको?"

"नको, नको. आहे ते ठीक आहे."

"ठीक तर मग. दिवस छान जावो," रेमंड म्हणाला, आणि गेला.

आर्डिसबाई रिसीव्हर हातात धरून उभ्या राहिल्या. एल्डनचा नको खरा होता आणि त्यावर घरात कुणी विश्वास ठेवला नाही. आपला नको खोटा, आणि त्यावर अख्खी कंपनी विश्वास ठेवते आहे. या दोहोंत काय बिघडलंय ते त्यांना एकदम दिसलं. दोन दिवसांत दोनदा त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःला सिनेमातून कापून टाकलं होतं, तेही निव्वळ चांगल्या वळणापायी.

त्यांनी पुन्हा नंबर फिरवला. पन्नास मिनिटं संगीत झालं. त्या चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गातात. एव्हाना त्या संगीतालाही त्यांनी खालची पट्टी लावली होती. मग योलांडा नावाची बाई आली. टूना हॉटडिश दुसऱ्यांदा म्हणताना तितकं टोचलं नाही.

"सकाळी तुम्हाला निम्म्या दराची सवलत दिली होती, ती तुम्ही नाकारल्याची नोंद आहे," योलांडा म्हणाली. "ती एकदाच मिळते. आता पूर्ण पैसे पडतील. घ्यायची आहे बिनघोर योजना?"

आर्डिसबाईंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, कारण ऑर्विल अंगणात होते. एका हाताने सिंकची कड धरली.

"हो," त्या म्हणाल्या.

छत जागच्या जागी होतं. घड्याळही चालू होतं.

"टीव्हीवर चित्र दिसेपर्यंत आमचा माणूस फोनवर तुमच्याबरोबर थांबतो. त्याचे वेगळे पैसे पडतात, मॅडम. हवा आहे?"

"हो."

"चित्राचा दर्जा सगळ्यांत वरचा देऊ?"

"हो."

"टॉलिफसनमध्ये एल दोनदा येतो ना?"

"हो," आर्डिसबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर त्यांना जरा हळहळ वाटली, की आता कुणी काही विचारायचं उरलं नाही.

रविवारी प्रार्थना आटोपून दोन वाजता मंडळ आलं. पाच जोड बूट दाराशी ओळीने लागले. मार्लिसबाईंनी कोट दिला, पण पर्स दिली नाही.

"डिस्क आणलीय लायब्ररीतली," त्या म्हणाल्या. "असू दे जवळ. तुझं ते बंद पडलं तर उगाच सगळ्यांचा खोळंबा नको."

"चांगलं केलंस," आर्डिसबाई म्हणाल्या. "कपाच्या खाली ठेव. टेबलावर डाग पडत नाही."

सिनेमा सुरू झाला. तो अडला नाही, थरथरला नाही, त्यात साबण आला नाही. मंडळात सगळ्यांत धाकट्या, म्हणजे एकाहत्तर वर्षांच्या लव्हॉनबाई म्हणाल्या, "काय स्वच्छ दिसतंय गं. झाडावरचं बर्फसुद्धा वेगवेगळं दिसतंय."

"जाहिराती नाहीत, तर माणसाने बाथरूमला जायचं कधी?" मार्लिसबाईंनी विचारलं.

आर्डिसबाईंनी रिमोटचं बटण दाबलं. नायक घोड्यावर चढता चढता एक पाय हवेत ठेवून थांबला. "जा आता."

"मला नाही जायचं. मी आपलं विचारलं."

"मग नेते पुढे," आर्डिसबाई म्हणाल्या, आणि नायकाला घोड्यावर बसू दिलं.

तळं आलं तशा मार्लिसबाई अस्वस्थ झाल्या. कॉफी गार झाली म्हणाल्या, मग खोली गरम आहे म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "हा भाग पुढे पळव ना. रटाळ आहे अगदी."

"साठ वर्षांनी आठवतोय तुला?" लव्हॉनबाईंनी भाबडेपणाने विचारलं. "डिस्क तर इथेच अडते ना?"

मार्लिसबाईंनी वडी तोंडात घातली.

नायक वळला. त्याने कप पुढे केला. आणि पडद्यावर, टीव्हीच्या मधोमध, पांढऱ्या लोकरी टोपीतली एक पोरगी किटली उचलताना दिसली. नाक लाल, पाठ ताठ, किटली दोन्ही हातांत अशी धरलेली, की जणू तळ्यावरच्या सगळ्या थंडीशी तिला एकटीनेच झुंजायचं आहे. कुणी कापलं नव्हतं. ती चांगली दोन सेकंद उभी होती.

मग डाव्या बाजूने एक लाल हातमोजा आला. हातमोज्यामागून कोपर आलं. कोपराने पोरीच्या बरगडीत नेमका ठोसा दिला आणि पोरगी किटलीसकट पडद्याबाहेर गेली. तिच्या जागी मार्लिस उभी राहिली, पंधरा वर्षांची, कॅमेऱ्याकडे पाहून सगळे दात दाखवत. तिच्या हातात किटली नव्हती. काहीच नव्हतं. नायकाने रिकामा कप तिच्यापुढे धरला, वाट पाहिली, तिच्या दातांकडे पाहिलं, आणि काय करणार बिचारा, रिकामाच कप तोंडाला लावून "वा, गरम आहे" म्हणाला.

"मी घसरले नव्हते," आर्डिसबाई हळूच म्हणाल्या.

"आर्डिस," लव्हॉनबाई म्हणाल्या, "परत लाव."

आर्डिसबाईंनी मागे नेलं आणि परत लावलं. मग पुन्हा लावलं. चौथ्या वेळी लव्हॉनबाई हसता हसता सोफ्यावरून खाली आल्या. सहाव्या वेळी सगळ्याजणी नायकाबरोबर "वा, गरम आहे" म्हणू लागल्या. डिस्क असती तर एव्हाना झिजली असती.

"जागा नव्हती तिथे," मार्लिसबाई म्हणाल्या. "मी आपली सरकत होते."

"कोपराने?"

"थंडी होती."

"आणि चरा?" लव्हॉनबाईंनी विचारलं.

मार्लिसबाईंनी पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल परत ठेवला. "मी किती मूर्ख दिसतेय त्यात," त्या म्हणाल्या. "हातात किटली नाही नि काही नाही. अख्ख्या गावाने पाहिलं असतं ते, फुकट."

आर्डिसबाईंनी सातव्यांदा सिनेमा मागे नेला. पण या वेळी त्यांनी कोपर बरगडीपर्यंत पोचायच्या आधीच तो थांबवला. पडद्यावर दोन्ही पोरी दिसत होत्या. एक किटलीकडे पाहत होती, दुसरी कॅमेऱ्याकडे. दोघींच्या तोंडातून वाफ निघाली होती आणि ती तशीच हवेत थांबली होती.

मार्लिसबाई उठल्या. चष्मा सारखा करून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"केस किती होते गं माझे."

"होते खरे."

"आणि तू बघ. किटली कशी धरलीयस." त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाईट नाही दिसत तू. मुळीच वाईट नाही."

मागे कुणीतरी कप खाली ठेवला. आर्डिसबाईंचं बोट बटणावर गेलं.

"पुढे नेऊ?"

"नको," मार्लिसबाई म्हणाल्या. "इतक्यात नको."

हा नको खरा होता. आर्डिसबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"सावकाश बघ. पैसे भरलेत मी. तू म्हणशील तोवर थांबेल ते."